पुरुषांचे आरोग्य आणि योगाभ्यास : लाभ, मर्यादा आणि प्रारंभाची दिशा

सारांश

योगाभ्यासाची परंपरा शतकानुशतके प्रामुख्याने पुरुषांनी जपली. आज मात्र याच परंपरेकडे सर्वसामान्य पुरुष ‘स्त्रियांचा व वृद्धांचा हलका व्यायाम’ म्हणून पाहतो. दुसरीकडे उच्च रक्तदाब, कंबरदुखी, व्यसनाधीनता व मानसिक ताण हे पुरुषांच्या आरोग्यासमोरील प्रमुख प्रश्न बनले आहेत. योगाभ्यास या प्रश्नांवर कोणत्या मर्यादेपर्यंत उपयुक्त ठरतो, त्यामागील शरीरक्रिया कोणती आणि नव्याने सुरुवात करणाऱ्या पुरुषाने कोणता क्रम स्वीकारावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. योगाचे लाभ वास्तव असले तरी ते माफक व सातत्यावर अवलंबून आहेत. ते औषधोपचारास पूरक आहेत, पर्यायी नाहीत, अशी या लेखाची भूमिका आहे.

बीजशब्द : योगाभ्यास, पुरुषांचे आरोग्य, आसन, प्राणायाम, उच्च रक्तदाब, कंबरदुखी.

प्रास्ताविक

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ११ डिसेंबर २०१४ रोजी ठराव संमत करून २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून घोषित केला आणि २०१५ पासून तो जगभर साजरा होऊ लागला. २०१६ मध्ये युनेस्कोने योगाचा समावेश मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. यामुळे योगाला मोठी लोकमान्यता लाभली. तथापि लोकमान्यता आणि नित्य आचरण या दोन भिन्न गोष्टी आहेत. वर्षातून एक दिवस सामूहिक योगासने करणारा पुरुष उर्वरित दिवशी योगाभ्यास करतोच असे नाही. ‘आपले शरीर वळत नाही’, ‘घाम येत नाही तो व्यायाम कसला’, ‘दिवसभर कष्ट होतात, वेगळा योग कशाला’ अशी कारणे सर्रास दिली जातात. या कारणांमागे योगाविषयीचा गैरसमज आहे. तो दूर झाल्याशिवाय केवळ लाभांची यादी सांगून काही साध्य होणार नाही.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
१. योगपरंपरा व पुरुष यांच्या संबंधाचा थोडक्यात आढावा घेणे.
२. पुरुषांच्या आरोग्यविषयक समस्यांच्या संदर्भात योगाभ्यासाचे लाभ व मर्यादा स्पष्ट करणे.
३. नवशिक्या पुरुषासाठी सुरक्षित प्रारंभक्रम सुचविणे.

लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित शासकीय सर्वेक्षणे व वैद्यकीय संशोधन या दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

योगपरंपरा आणि पुरुष

पतंजलींच्या योगसूत्रांत सुमारे १९५ सूत्रे असून त्यांपैकी केवळ तीन सूत्रे आसनाविषयी आहेत. आसन स्थिर आणि सुखकारक असावे, एवढीच त्यांची मूळ अपेक्षा आहे. शरीर किती वाकते हा तेथे निकषच नाही. स्वात्मारामाच्या हठप्रदीपिकेत १५ आसनांचे, तर घेरंडसंहितेत ३२ आसनांचे वर्णन आढळते. हे ग्रंथ प्रामुख्याने पुरुष साधकाला समोर ठेवून लिहिले गेले.

आधुनिक काळात योगाच्या पुनरुज्जीवनात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. श्री योगेंद्र यांनी १९१८ मध्ये मुंबईत ‘द योगा इन्स्टिट्यूट’ची स्थापना केली. जगन्नाथ गणेश गुणे म्हणजेच स्वामी कुवलयानंद यांनी वडोदऱ्याच्या माणिकरावांकडे भारतीय व्यायामविद्येचे शिक्षण घेतले आणि १९२४ मध्ये लोणावळा येथे कैवल्यधाम स्थापन केले. उड्डियान, नौली यांसारख्या क्रियांचा क्ष-किरण व दाबमापनाच्या साहाय्याने अभ्यास करून त्यांनी योगाला प्रयोगशाळेत आणले. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा ध्यास घेऊन त्याचा प्रसार शाळांपर्यंत नेला. म्हैसूरच्या राजाश्रयाने टी. कृष्णमाचार्य १९३३ पासून योगशाळा चालवीत होते. त्यांचे शिष्य बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात आले आणि पुढे पुणे हेच त्यांचे आयुष्यभराचे कार्यक्षेत्र बनले. बालपणी मलेरिया, विषमज्वर व क्षय अशा आजारांनी त्यांचे शरीर अतिशय दुर्बल व ताठर झालेले होते, ही बाब येथे विशेष महत्त्वाची आहे. लवचीकता ही योगाची पूर्वअट नसून दीर्घ अभ्यासाचे फलित आहे, हे त्यांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

तालीम, आखाडा आणि योगशाळा ही एकेकाळी परस्परांना जवळची क्षेत्रे होती, असे या इतिहासावरून म्हणता येते. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात योगाचा जागतिक प्रसार होताना चित्र पालटले. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणानुसार २०२२ मध्ये तेथील २३.३ टक्के स्त्रियांनी, तर केवळ १०.३ टक्के पुरुषांनी मागील वर्षभरात योगाभ्यास केला होता. जाहिराती व चित्रफितींतून दिसणारी योगाची प्रतिमाही बहुधा अतिशय लवचीक तरुणीची असते. ही प्रतिमा येथील पुरुषाच्याही मनात रुजते आणि योग आपल्यासाठी नाही, असे तो गृहीत धरतो.

पुरुषांच्या आरोग्याचे वास्तव

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार भारतातील १५ वर्षांवरील २४ टक्के पुरुषांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा ते त्यासाठी औषध घेत होते. स्त्रियांमध्ये हे प्रमाण २१.३ टक्के होते. तंबाखूचे सेवन करणाऱ्या पुरुषांचे प्रमाण ३८ टक्के, तर स्त्रियांचे ८.९ टक्के होते. मद्यसेवनात ही तफावत १८.८ व १.३ टक्के अशी आढळली. नमुना नोंदणी पद्धतीच्या २०१६-२० या कालखंडातील आकडेवारीनुसार भारतीय पुरुषाचे सरासरी आयुर्मान ६८.६ वर्षे, तर स्त्रीचे ७१.४ वर्षे होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात आत्महत्येने मृत्यू पावलेल्या १,७०,९२४ व्यक्तींपैकी १,२२,७२४ पुरुष होते.

या आकड्यांच्या मागे एक सामाजिक सवय आहे. दुखणे अंगावर काढणे, दवाखान्यात जाणे टाळणे आणि मनातील ताण कोणापाशीही व्यक्त न करणे हे पुरुषपणाचे लक्षण मानले जाते. उच्च रक्तदाब तर बहुधा कोणतेही लक्षण न दाखवता वाढत राहतो. योगाभ्यास हा या सर्व समस्यांवरील एकमेव उपाय नाही. परंतु दिवसातून काही काळ स्वतःच्या शरीराकडे व श्वासाकडे लक्ष देण्याची सवय तो लावतो. त्याचा विचार या अंगानेही व्हायला हवा.

योगाभ्यासाचे लाभ

१. कंबर, पाठ व सांधे : पूर्वी मांडी घालून जेवणे, उकिडवे बसणे हा दिनक्रमाचा भाग होता. खुर्ची, मोटारसायकल आणि संगणक यांमुळे या हालचाली कमी झाल्या. सतत बसून राहिल्याने मांडीच्या मागील स्नायू आखडतात व नितंबाच्या सांध्याची हालचाल मर्यादित होते. अशा व्यक्तीने पुढे वाकल्यास श्रोणी पुरेशी पुढे झुकत नाही आणि सर्व ताण कमरेच्या मणक्यांवर येतो. सरासरीने पुरुषांचे हे स्नायू स्त्रियांपेक्षा अधिक ताठर असल्याने त्यांना ही अडचण विशेष जाणवते. ‘अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स’ या डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत जुनाट कंबरदुखीसाठी औषधांपूर्वी करावयाच्या उपायांत योगाचा समावेश केला आहे. कॉक्रेन संस्थेच्या २०२२ च्या आढाव्यातही योगामुळे कमरेच्या कार्यक्षमतेत अल्प सुधारणा होत असल्याचे नमूद आहे. मात्र काही जणांची कंबरदुखी योगाने वाढल्याचेही त्यात नोंदविले आहे.

शेतकरी किंवा श्रमिक पुरुषालाही हा मुद्दा लागू होतो. पाठीवर फवारणीचा पंप वाहणे, वाकून काम करणे, ओझी उचलणे यांत शरीराचा वापर एकांगी होतो. श्रम होतात, पण विरुद्ध दिशेचा ताण व विश्रांती मिळत नाही. आसनांतून ही उणीव भरून काढता येते.

२. रक्तदाब व हृदय : संथ श्वसनाने परानुकंपी मज्जासंस्थेचे कार्य वाढते, हृदयाची गती कमी होते आणि रक्तदाबाचे नियंत्रण करणारी प्रतिक्षिप्त क्रिया अधिक संवेदनशील बनते. सामान्यतः मिनिटाला १२ ते २० वेळा होणारे श्वसन सुमारे ६ वर आणल्यास हा परिणाम चांगला दिसतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात योगामुळे वरचा व खालचा रक्तदाब सरासरी सुमारे ४ अंकांनी कमी झाल्याचे आढळले. ही घट लहान दिसली तरी दीर्घकाळ टिकल्यास उपयुक्त आहे. मात्र १६० रक्तदाब असलेल्या व्यक्तीस ती पुरेशी नाही, हेही तितकेच खरे.

हृदयविकाराच्या संदर्भात दोन अभ्यास उल्लेखनीय आहेत. डीन ऑर्निश यांच्या १९९० च्या प्रसिद्ध प्रयोगात कमी स्निग्धांशाचा शाकाहार, धूम्रपानत्याग, चालणे, योगासने व ध्यान यांच्या एकत्रित आचरणाने हृदयाच्या रोहिणींतील अडथळे काही अंशी कमी झाले. परंतु त्यात अनेक घटक एकत्र असल्याने सर्व श्रेय योगाला देता येत नाही. दुसरा अभ्यास भारतातील २४ वैद्यकीय केंद्रांत, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ३,९५९ रुग्णांवर झाला व २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील बहुतांश रुग्ण पुरुष होते. तीन महिन्यांच्या योगाधारित पुनर्वसनानंतर मृत्यू वा पुन्हा झटका येण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र रुग्णांना स्वतःचे आरोग्य अधिक चांगले वाटले आणि ते पूर्वीच्या दैनंदिन कामांकडे अधिक प्रमाणात परतले. योगाचे खरे सामर्थ्य व खरी मर्यादा दोन्ही या एका अभ्यासात दिसून येतात.

३. मन, निद्रा व व्यसन : ताणाच्या प्रसंगी श्वास उथळ व जलद होतो. श्वास जाणीवपूर्वक संथ करता येतो, हा अनुभव एकदा आल्यावर राग, चिडचिड आणि अस्वस्थता यांच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते. रात्रपाळी करणारे कामगार, वाहनचालक, शिक्षक व पोलीस कर्मचारी यांना शवासन व संथ श्वसन विशेष उपयुक्त ठरू शकते. व्यसनमुक्तीच्या प्रयत्नातही तलफेचा क्षण निभावून नेण्यास श्वसनाची मदत होते. तीव्र नैराश्य किंवा आत्महत्येचे विचार असल्यास मात्र मानसोपचारतज्ज्ञांकडे जाणे अनिवार्य आहे.

४. बल व तोल : वीरभद्रासन, उत्कटासन, फलकासन यांसारख्या आसनांत शरीराचा भार स्वतःच्या स्नायूंवर तोलावा लागतो. ‘योगात कष्ट नाहीत’ असे म्हणणाऱ्याने वीरभद्रासनात एक मिनिट स्थिर उभे राहून पाहावे. वृक्षासनासारख्या आसनांनी तोल सुधारतो व उतारवयातील पडण्याचा धोका कमी होण्यास मदत होते.

निराधार दाव्यांविषयी

पुरुषांना योगाकडे आकर्षित करण्यासाठी पौरुषवृद्धी, टक्कल नाहीसे होणे, मधुमेह कायमचा बरा होणे असे दावे केले जातात. यांना विश्वासार्ह संशोधनाचा आधार नाही. मूलबंधाच्या क्रियेत श्रोणितळाच्या स्नायूंचे आकुंचन होते आणि याच स्नायूंचे व्यायाम प्रोस्टेट ग्रंथीच्या शस्त्रक्रियेनंतर मूत्रनियंत्रणासाठी डॉक्टर शिकवितात, एवढे म्हणता येते. त्यापलीकडील चमत्कारांपासून दूर राहावे.

अधिक गंभीर धोका औषधे बंद करण्याचा आहे. योग सुरू केल्यावर चार-सहा आठवड्यांत बरे वाटू लागते आणि रक्तदाबाची गोळी परस्पर बंद केली जाते. बरे वाटणे आणि रक्तदाब नियंत्रणात असणे यांत फरक आहे. परस्पर बंद केलेल्या गोळीची परिणती पक्षाघातात होऊ शकते. औषधाची मात्रा कमी करण्याचा निर्णय नियमित मोजमापाच्या आधारे डॉक्टरांनीच घ्यावयाचा असतो.

प्रारंभ कसा करावा ?

पूर्वतपासणी : चाळिशी ओलांडलेल्या पुरुषाने प्रथम रक्तदाब व रक्तशर्करा तपासून घ्यावी. हृदयविकार, मणक्याचा विकार, काचबिंदू अथवा अलीकडील शस्त्रक्रिया असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. जांघेतील हर्निया पुरुषांत स्त्रियांपेक्षा पुष्कळ अधिक आढळतो. तो असल्यास कपालभाती, भस्त्रिका, नौली व मयूरासन टाळावे. उच्च रक्तदाब असलेल्यांनी श्वास रोखणे, तर काचबिंदू असलेल्यांनी शीर्षासनासारखी विपरीत आसने करू नयेत.

स्थळ व वेळ : भोजनानंतर किमान तीन तासांचे अंतर असावे. सैल कपडे आणि न घसरणारी सतरंजी एवढे साहित्य पुरेसे आहे. सकाळ उत्तम, परंतु जी वेळ रोज पाळता येईल तीच योग्य. आठवड्यातून एकदा दोन तास करण्यापेक्षा रोज २० मिनिटे करणे अधिक हितकारक आहे. पहिले काही आठवडे प्रशिक्षित शिक्षकासमोर अभ्यास करावा. चित्रफीत आपली चूक दाखवून देऊ शकत नाही.

पहिला टप्पा (आठवडा १ ते ४) : ताडासन, मार्जारासन, भुजंगासन, सेतुबंधासन व शवासन ही आसने करावीत. पाठीवर झोपून, तळपायाला पंचा अडकवून एक पाय वर उचलावा. गुडघा थोडा वाकला तरी चालेल. प्रत्येक आसनात ४ ते ५ संथ श्वास थांबावे. शेवटी ५ मिनिटे संथ श्वसन करावे. ४ आकडे मोजेपर्यंत श्वास घ्यावा व ६ आकडे मोजेपर्यंत सोडावा. एक आवर्तन १० सेकंदांचे झाल्यास मिनिटाला ६ श्वास होतात. सुरुवातीस हे जड वाटल्यास ३ व ४ आकडे घ्यावेत.

दुसरा टप्पा (आठवडा ५ ते ८) : त्रिकोणासन, वीरभद्रासन, वृक्षासन यांची भर घालावी. सूर्यनमस्कार २ पासून सुरू करून हळूहळू ६ पर्यंत न्यावेत. हात जमिनीला टेकत नसल्यास गुडघे वाकवावेत. श्वास न रोखता अनुलोम-विलोम करावा.

तिसरा टप्पा (आठवडा ९ ते १२) : पश्चिमोत्तानासन, उत्कटासन, फलकासन व भ्रामरी यांचा समावेश करून कालावधी ३० ते ४० मिनिटांपर्यंत वाढवावा. पश्चिमोत्तानासनात घडी घातलेल्या घोंगडीवर बसावे व गुडघे किंचित वाकवावेत, म्हणजे कमरेवर ताण येत नाही. पट्टा, घोंगडी, वीट यांचा आधार घेणे कमीपणाचे नाही. अय्यंगारांनी या साधनांचा शास्त्रशुद्ध वापर रूढ केला तो याच कारणासाठी.

योगासोबत चालणेही आवश्यक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाची शारीरिक हालचाल व दोन दिवस स्नायूबलवर्धक व्यायाम सुचविला आहे. संथ योगासनांनी ही अपेक्षा पूर्ण होत नाही. व्यायामशाळेत जाणाऱ्या तरुणानेही व्यायाम सोडू नये. त्यास योगाची जोड द्यावी.

पुरुष साधकांच्या नेहमीच्या चुका

आखाडा व क्रीडांगणावर रुजलेली स्पर्धेची सवय योगवर्गात अपायकारक ठरते. शेजाऱ्याइतके वाकण्यासाठी झटके देणे, चेहरा लाल होईपर्यंत श्वास रोखणे, पहिल्याच महिन्यात शीर्षासन वा पद्मासनाचा हट्ट धरणे आणि शवासन ‘वेळेचा अपव्यय’ म्हणून सोडून देणे या सामान्य चुका होत. योगामुळे झालेल्या दुखापतींच्या नोंदींत शीर्षासन, सर्वांगासन व पद्मासन यांचा उल्लेख वारंवार येतो. गुडघ्यात किंवा मानेत तीक्ष्ण वेदना होणे हा थांबण्याचा संकेत आहे. श्वास संथ चालू राहतो तेवढीच आसनाची योग्य सीमा समजावी. स्थिरता आणि सुख हा पतंजलींचा निकष आजच्या नवशिक्यासाठीही तितकाच व्यवहार्य आहे.

निष्कर्ष

१. योगाभ्यास केवळ स्त्रियांचा वा वृद्धांचा आहे, या समजुतीस इतिहासाचा आधार नाही.
२. जुनाट कंबरदुखी, सौम्य उच्च रक्तदाब व मानसिक ताण यांत योगाचे लाभ आढळतात. ते माफक असून सातत्यावर अवलंबून आहेत.
३. योग औषधोपचारास पूरक आहे. औषधे परस्पर बंद करणे घातक आहे.
४. ताठर शरीर हा योग न करण्याचा निकष नसून आधार घेऊन हळू सुरुवात करण्याचे कारण आहे.
५. प्रारंभी २० मिनिटांचा नित्य अभ्यास, संथ श्वसन व प्रशिक्षित मार्गदर्शन या तीन गोष्टी पुरेशा आहेत.

समारोप

महाविद्यालये, सहकारी संस्था, कारखाने व ग्रामपंचायतींनी योग दिनाच्या कार्यक्रमासोबत रक्तदाब तपासणी आणि त्यानंतर बारा आठवड्यांचा प्रारंभिक वर्ग अशी योजना केल्यास योगाचा संदेश आचरणापर्यंत पोहोचू शकेल. अशा तपासणीतूनच अनेक पुरुषांना आपला रक्तदाब वाढल्याचे प्रथम कळेल, हाही त्याचा मोठा लाभ ठरेल. कुटुंबाचा आधार म्हणून ज्या पुरुषाकडे पाहिले जाते, त्याने स्वतःच्या आरोग्याकडे लक्ष देणे हा स्वार्थ नसून कुटुंबाप्रती असलेले कर्तव्य आहे. त्या कर्तव्याची सुरुवात एका सतरंजीवर, वीस मिनिटांत आणि संथ श्वासाने होऊ शकते.